खोटे सोलापूर

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या शिवारात रेडिओसाठी तार ताणायची तर आधी मान वर करून बघावे लागते. औष्णिक वीज केंद्रातून निघालेल्या उच्चदाब वाहिन्या तिथून चारी दिशांना जातात. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला इथे १४० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत २१० मेगावॅटचे आणखी तीन आले. जुने दोन संच आता निवृत्त झाले आहेत आणि केंद्राची क्षमता ६३० मेगावॅटवर आली आहे. दूरची स्टेशने ऐकण्याचा नाद असलेला माणूस स्वतःहून असली जागा निवडणार नाही. पण नोकरीने वसाहतीत आणून ठेवलेल्याला निवड कुठली? या प्रकरणासाठी मात्र जागा अगदी योग्य आहे. दूरचे रेडिओ-ग्रहण ज्या ज्या गोष्टींनी बिघडते, त्यातल्या बहुतेक इथे हाताच्या अंतरावर आहेत.

एकलहऱ्याला एक सुखही आहे. आकाशवाणीचे नाशिक केंद्र एफएमवर, १०१.४ मेगाहर्ट्झवर आहे. शहरात मध्यमलहरींचा, म्हणजे मीडियम वेव्हचा, प्रक्षेपक नाही. त्यामुळे मध्यमलहरींवर जवळचे दांडगे शेजारी म्हणजे मुंबईची केंद्रे. त्यांच्या भर जोमाच्या काळातले आकडे घेऊ. ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झ ही प्रत्येकी १०० किलोवॅटची दोन केंद्रे, आणि ११८८ वर विविध भारती. आकाशवाणी आता एकेक मध्यमलहरी प्रक्षेपक बंद करत चालली आहे. नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर येणारी राष्ट्रीय वाहिनी २०१९ मध्येच थांबली. पुढचे गणित त्याने बदलत नाही, आकडे तेवढे बदलतात.

आता समजा, एखाद्याने गच्चीवर लांब तार बांधली आणि तिचा संदेश वाढवायला एका ट्रान्झिस्टरचा प्रवर्धक जोडला. सर्किट कुठल्याशा जुन्या पुस्तकातले, ट्रान्झिस्टर खणात पडलेला बीसी ५४७. भर दुपारी तो रेडिओचा काटा पट्ट्याच्या उजव्या टोकाला, १६०२ किलोहर्ट्झवर नेतो. तिथे स्टेशन लागते! १६०२ ही सोलापूर केंद्राची जागा. सोलापूरचा प्रक्षेपक १ किलोवॅटचा, अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मध्यमलहरी दिवसा जमिनीला धरून चालतात, आणि आकाशाकडे गेलेला भाग आयनावरणाचा खालचा थर गिळून टाकतो. दुपारी सोलापूर इथे येण्याची शक्यता जवळजवळ शून्य. तरीही आवाज येतो आहे, तोही खणखणीत. मिनिटभर कान दिला की कळते, दोन कार्यक्रम एकात एक मिसळलेले आहेत आणि दोन्ही मुंबईचे आहेत.

५५८ आणि १०४४ यांची बेरीज १६०२.

हे सोलापूर हवेत कुठेच नाही. ते त्या बीसी ५४७ च्या आत तयार झाले आहे. त्याच ट्रान्झिस्टरात विविध भारतीच्या ११८८ मधून ५५८ वजा होऊन ६३० वर, म्हणजे केरळातल्या त्रिशूरच्या जागी, दुसरे भूत उभे राहते. १०४४ च्या दुपटीतून ११८८ गेले की उरतात ९००. ती आंध्रातल्या कडप्पाची जागा. हा योगायोग वाटेल, पण तसा तो नाही. १९७८ पासून आशिया, युरोप आणि आफ्रिकेत मध्यमलहरींवरच्या स्टेशनांना ९ किलोहर्ट्झच्या अंतराने जागा दिल्या गेल्या, आणि त्या सगळ्या ९ च्या पटीत आहेत: ५३१ पासून १६०२ पर्यंत १२० जागा. नऊच्या पाढ्यातल्या दोन संख्यांची बेरीज करा वा वजाबाकी, उत्तर त्याच पाढ्यात येते. त्यामुळे ही भुते दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या फटीत कधी पडत नाहीत. पट्ट्यात पडली की बरोबर कुणाच्या तरी जागेवर जाऊन बसतात. नवख्याला वाटते, आपण कडप्पा पकडले.

खिशातल्या साध्या रेडिओत हा प्रकार सहसा होत नाही. त्यातला बीएफ १९४ काही फार सज्जन ट्रान्झिस्टर होता असे नाही. पण त्याच्या आधी फेराइटच्या कांडीवरची कॉइल आणि गँग कंडेन्सर असतो. १६०२ लावले की ती जोडी ५५८ आणि १०४४ यांना दाराबाहेरच रोखते. दोन दांडगे आतच आले नाहीत तर त्यांची बेरीज कोण करणार? भुते येतात ती पुढे उघडा, सगळ्या पट्ट्याला एकदम वाढवणारा प्रवर्धक लावला की. अँटेना गच्चीवर आणि माणूस खाली असेल, किंवा संगणकाला जोडलेल्या एसडीआरवर, म्हणजे सॉफ्टवेअर-रेडिओवर, अख्खा पट्टा एकाच वेळी बघायचा असेल, तर मात्र असा उघडा प्रवर्धक लागतोच. मग सगळा भार ट्रान्झिस्टरच्या सरळपणावर येतो.

ट्रान्झिस्टर मुळात सरळ नाहीच. बेस-एमिटरवरचे व्होल्टेज आणि त्यामुळे वाहणारा प्रवाह यांचा आलेख रेषा नसून झपाट्याने वर चढणारा वक्र आहे. खोलीच्या तापमानाला त्या वक्राचे माप सुमारे २५ मिलिव्होल्ट. संदेश त्यापुढे अगदी क्षुल्लक असेल तर वक्राचा तेवढा तुकडा सरळ भासतो. जरा मोठा झाला की वाकडेपणा दिसतो, आणि वाकडेपणा म्हणजे गुणाकार. दोन लहरींचा गुणाकार केला की त्यांच्या वारंवारितांची बेरीज आणि वजाबाकी बाहेर पडते, हे अकरावीच्या त्रिकोणमितीतले सूत्र. हौशी मंडळी याला इंटरमॉड म्हणतात.

आकडे घालून बघू. मुंबईची दोन्ही केंद्रे आपल्या तारेवर प्रत्येकी फक्त १ मिलिव्होल्ट देत आहेत असे धरा. उघड्या ट्रान्झिस्टरात त्यांची बेरीज मूळ संदेशाच्या २ टक्के इतकी उमटते, म्हणजे २० मायक्रोव्होल्ट. स्टिरिओच्या भाषेत २ टक्के डिस्टॉर्शन काही भयंकर नाही. कित्येक घरगुती स्पीकर त्याहून वाईट असतात. पण आपण ज्याच्या मागे लागलो आहोत त्या दूरच्या स्टेशनाचा संदेशच मुळी एवढा किंवा याहून कमी असतो. गाणे ऐकणाऱ्याचे डिस्टॉर्शन गाण्याच्या अंगावर बसते. दूरचे ऐकणाऱ्याच्या बाबतीत ते दुसऱ्याच्याच जागेवर जाऊन बसते, आणि म्हणून त्याला टक्क्याचा हजारावा हिस्साही सोसत नाही.

तिसऱ्या घाताची भुते, म्हणजे एकाच्या दुपटीतून दुसरा वजा करणारी, आधी गरीब वाटतात. १ मिलिव्होल्टला त्यांची पातळी ०.२ मायक्रोव्होल्ट भरते. संदेश दहापट करा, ती हजारपट होतात: २०० मायक्रोव्होल्ट. कमी डिस्टॉर्शनचा प्रवर्धक बांधणाऱ्याला रात्री जागवतात ती हीच.

हा प्रश्न ट्रान्झिस्टरहून जुना आहे. १९२७ साली मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तारीख २३ जुलै. त्याच वर्षी पुण्याजवळ इंग्लंडशी बिनतारी तारा पाठवणारी बीम यंत्रणा चालू झाली. तिचा प्रक्षेपक खडकीला होता आणि ग्राहक दौंडला. पाठवायचे एका गावातून आणि ऐकायचे रेल्वेने कितीतरी स्टेशने पुढच्या दुसऱ्या गावातून, या उपद्व्यापाचे कारण आपल्या सोलापुरापाशीच आहे: शेजारचा दांडगा आवाज ग्राहकाला वाकवतो. तेव्हाच्या अभियंत्यांनी त्यावर अंतराचा उपाय केला. एकलहऱ्यात तो उपाय आपल्याला परवडत नाही.

मुंबई केंद्राच्या उद्घाटनानंतर दहाच दिवसांनी, २ ऑगस्ट १९२७ रोजी, हॅरोल्ड ब्लॅक नावाचा बेल लॅबोरेटरीजमधला तरुण अभियंता कामावर जाण्यासाठी बोटीने हडसन नदी ओलांडत होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारेवर एकाच वेळी अनेक संभाषणे पाठवायची, तर वाटेत जागोजागी प्रवर्धक लागत, आणि प्रत्येक प्रवर्धक संभाषणांचे थोडे थोडे मिश्रण करी. शेवटी सगळा गोंधळ. बोटीवर त्याला सुचले, की बाहेर पडलेला संदेश थोडासा उलटा करून आत परत द्यावा, म्हणजे प्रवर्धकाने स्वतः घातलेली भर स्वतःच खोडली जाईल. हातात होते ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पान; त्यावरच त्याने आकृती आणि समीकरणे काढली. वाढ कमी होते, पण जी मिळते ती सरळ असते. आपण मुद्दाम मिळवलेली वाढ फेकून द्यायची, ही कल्पना लोकांना इतकी विचित्र वाटली की अमेरिकन पेटंट हाती यायला १९३७ साल उजाडले.

आपल्या प्रवर्धकात ब्लॅकची कल्पना एका १० ओहमच्या रोधात मावते. ट्रान्झिस्टरमधून १ मिलिअँपिअर वाहत असेल तर त्याच्या एमिटरचा अंगचा रोध २५ ओहम असतो. २५ मिलिअँपिअर सोडले की तो १ ओहमवर येतो. आता एमिटरला १० ओहमचा साधा रोध जोडा. आलेला संदेश बहुतांश या सरळ रोधावर पडतो आणि वाकड्या जोडावर त्याचा अकरावा हिस्सा राहतो. बेरजेचे भूत त्या अकराच्या वर्गाने, म्हणजे १२१ पटींनी, खाली जाते. २० मायक्रोव्होल्टचे सोलापूर ०.१७ मायक्रोव्होल्टवर आले. यासाठी दिले काय, तर थोडी वाढ आणि बरीच वीज. पंचवीस मिलिअँपिअर म्हणजे पेन्सिल सेलवरच्या रेडिओवाल्याला उधळपट्टीच वाटेल. गच्चीवरचा प्रवर्धक १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मर पुरवठ्यावर चालणार आहे, त्यामुळे इथे कंजूषपणा नको. ट्रान्झिस्टर हाताला कोमट लागला पाहिजे. गार लागला तर प्रवाह पुरेसा नाही असे समजा.

उरलेल्या भुतासाठी दुसरा ट्रान्झिस्टर घ्यायचा आणि दोघांना पुश-पुल जोडायचे. एकाला संदेश सुलटा, दुसऱ्याला उलटा. मूळ संदेश दोघांकडून मिळून बाहेर पडतो. बेरजा आणि वजाबाक्या दोघांत सारख्याच चिन्हाच्या निघतात आणि बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना मारतात. दोघे पाच टक्क्यांच्या आत जुळले तरी भूत आणखी वीस पटींनी तरी खाली जाते. कडप्पावाल्या, तिसऱ्या घाताच्या भुतांना मात्र पुश-पुल हात लावत नाही. तिथे एमिटरचा रोध आणि प्रवाह हेच औषध.

जुळवणी हाच या बांधणीचा खरा कस. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून एकाच पिशवीतले आठ-दहा बीडी १३९ आणावेत आणि मल्टिमीटरवर बीटा मोजून त्यातले दोन जुळे काढावेत. आरएफचे खास ट्रान्झिस्टर, २एन ३८६६ किंवा २एन ५१०९, मिळाले तर उत्तमच, पण नकली मालही तितकाच फिरतो. प्रत्येक एमिटरला १० ओहम, त्याच्याखाली डीसी स्थिर राहावा म्हणून कपॅसिटरने बायपास केलेला १०० ओहमचा आणखी एक. पुरवठा दिला की दोन्ही १० ओहमांवर मल्टिमीटर लावायचा. २५ मिलिअँपिअरला २५० मिलिव्होल्ट दिसले पाहिजेत. एकावर २५० आणि दुसऱ्यावर २३० आले की एका ट्रान्झिस्टरच्या अंगाला बोट टेकवून बघा. बोटाने त्याचे तापमान बदलते आणि आकडा डोळ्यांदेखत सरकतो. म्हणून दोघांना एकाच ॲल्युमिनिअमच्या पट्टीवर, मध्ये अभ्रकाची चकती घालून, पाठीला पाठ लावून आवळायचे. तापतील तर दोघे सारखेच तापतील.

मग ट्रान्सफॉर्मर. जुन्या टीव्हीच्या अँटेनातला दोन भोकांचा बलून-कोअर बऱ्याच जणांकडे असतो आणि तोच वापरण्याचा मोह होतो. तो व्हीएचएफसाठी केलेला. त्यावर चार वेढे मध्यमलहरींना पुरत नाहीत. ५० ओहमच्या बाजूला निदान ७५ मायक्रोहेन्री हवे, तर पट्ट्याच्या खालच्या टोकाला गुंडाळीचा प्रतिघात २५० ओहम होतो आणि ती संदेश जमिनीत घालवत नाही. त्यासाठी जास्त पारगम्यतेचा फेराइट घ्यावा. एनॅमलच्या तीन तारा हँड-ड्रिलच्या तोंडात धरून एकत्र पिळायच्या, मग गुंडाळायच्या, टोके ब्लेडने खरवडून कल्हई करायची आणि कुठले टोक कुणाचे हे मल्टिमीटरच्या बझरवर शोधायचे. एक टोक उलट लागले तर पुश-पुलचे सगळे पुण्य पालथे होते: स्टेशन मरते आणि भूत जिवंत राहते.

शेवटचा सूक्ष्म समतोल बेस-बायसच्या प्रीसेटने साधायचा, आणि त्यासाठी मोजयंत्राची गरज नाही. भर दुपारी रेडिओ १६०२ वर ठेवा. त्या वेळी खरे सोलापूर इथे येऊच शकत नाही, तेव्हा जे ऐकू येते ते शंभर टक्के घरचे उत्पादन. प्रीसेट फिरवत मुंबई जिथे सर्वांत क्षीण होईल तिथे थांबायचे. एरवी ज्याचा त्रास, तेच इथे फुकटचे सिग्नल जनरेटर झाले. माझ्या मते प्रयोगशाळेतल्या कुठल्याही चाचणीपेक्षा ही चाचणी भरवशाची, कारण तुमच्या छतावर जे दांडगे प्रत्यक्ष येतात त्यांच्याचविरुद्ध ती घेतली जाते.

वाचकांपैकी जाणकार इथे डेव्हिड नॉर्टन आणि ॲलन पॉडेल यांचे नाव काढतील. सत्तरीच्या दशकात त्यांनी ब्लॅकचा परतावा रोधाऐवजी ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून दिला. रोध उष्णतेने खरखर निर्माण करतो, आदर्श गुंडाळी करत नाही. त्यामुळे डिस्टॉर्शनही कमी आणि खरखरही कमी. सर्किट देखणे आहे. पण त्याचा आतला इंपीडन्स बाहेरच्या भारावर अवलंबून राहतो, आणि जरा मांडणी चुकली की ते स्वतःच ऑसिलेटर होऊन बसते. मध्यमलहरींवर पहिल्या प्रयत्नात त्याच्या नादी लागू नये असे मला वाटते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मापांनुसार १ मेगाहर्ट्झला ग्रामीण भागातही पूर्ण कार्यक्षम अँटेनावर येणारी माणसाने केलेली खरखर रोधाच्या उष्ण खरखरीच्या ५० लाख पट असते. निवासी वस्तीत १ कोटी पटींहून जास्त. एवढ्या गोंगाटात १० ओहमच्या रोधाची कुजबुज कोण ऐकणार? अगदी छोटा लूप-अँटेना वापरला तर मात्र हे गणित फिरते आणि नॉर्टनची आठवण येते.

गोंगाटाची गोष्ट निघाली की एकलहऱ्याच्या तारांकडे वळावेच लागते. उच्चदाब वाहिनीवरून येणारी खरखर दोन जातींची. एक कोरोनाची: तारेभोवतीची हवाच फुटते आणि सळसळ येते, पावसात, धुक्यात ती वाढते. दुसरी ठिणगीची: सैल क्लॅम्प, गंजलेली पिन, भेगाळलेला इन्सुलेटर यांच्यातल्या बारीक फटीत ठिणगी उडत राहते. हिचा आवाज रुक्ष, करवतीसारखा, आणि गंमत म्हणजे पाऊस आला की ही थांबते, कारण पाणी फट बुजवते. म्हणजे पहिल्या सरीबरोबर खरखर गेली तर खांबावर काहीतरी सैल आहे, आणि ते वीज कंपनीला कळवण्यासारखे आहे. वाढली तर कोरोना. तिथे लूप फिरवून त्याची बहिरी बाजू वाहिनीकडे करण्यापलीकडे फारसे काही होत नाही. प्रवर्धक कितीही सरळ असला तरी खरखर ती खरखर.

पण त्या तारांवर आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे फार कमी जणांचे लक्ष जाते. उच्चदाब स्विचयार्डात वाहिनी जिथे आत येते तिथे टांगलेला भलामोठा पिंपासारखा कॉइल म्हणजे वेव्ह ट्रॅप. उपकेंद्रे एकमेकांशी याच तारांवरून बोलत आली आहेत: ४० ते ५०० किलोहर्ट्झच्या दरम्यानची लहर तारेवर सोडून तिच्यावर टेलिफोन आणि संरक्षण-रिलेचे संदेश पाठवायचे. पीएलसीसी म्हणतात ते हेच. वेव्ह ट्रॅप ती लहर यार्डात घुसू देत नाही. आता फायबर आल्याने हिचे दिवस सरत आहेत, पण जिथे चालू आहे तिथे मध्यमलहरी पट्ट्याच्या अगदी पायथ्याशी, डोक्यावरच्या तारेवर, एक जोरदार लहर उभी असते. ती प्रवर्धकात घुसून मुंबईत मिसळते. ओळखायची खूण सोपी: ही लहर नऊच्या पाढ्यातली असेलच असे नाही, त्यामुळे तिची भुते शेजारच्या स्टेशनाशी टक्कर घेऊन शिट्टी घालतात. नुसती दोन गाणी मिसळलेली असली तर प्रसारण केंद्रांकडे बोट दाखवा. शिट्टी असली तर तारांकडे. उपाय प्रवर्धकाच्या आधी: ५०० च्या खालचे अडवणारा एक हाय-पास फिल्टर, आणि १०१.४ मेगाहर्ट्झची एफएम अडवणारा एक लो-पास. दोन कॉइल, चार-पाच कपॅसिटर. आत येऊ न दिलेल्या संदेशाचे डिस्टॉर्शन होत नाही.

हीच शिस्त मोठ्या प्रमाणावर बघायची असेल तर पुण्याच्या रस्त्याने नारायणगाव गाठून आत खोडदला जावे. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या तिथे पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या एका निरीक्षणात तिथे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर पकडली गेली. वाटेतल्या एका दीर्घिकेने भिंगासारखे काम केले, तेही जमेस धरायला हवे. निघताना ती लहर १४२० मेगाहर्ट्झची होती, पोचताना ताणून ६२० ची झाली होती. त्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला मोबाइलचे मनोरे गर्जत असतात. म्हणून तिथल्या ग्राहकांतही नको त्या जोरदार पट्ट्या आधी छाटणारे फिल्टर आहेत आणि दांडग्या संदेशाने न वाकणारे प्रवर्धक आहेत. विजेच्या तारांच्या ठिणग्यांचा उपद्रव त्यांनाही चुकला नाही. नमुन्यांतून त्या क्षणोक्षणी वेचून टाकणारी डिजिटल यंत्रणा त्यांनी बांधली.

प्रवर्धक बांधून झाला, फिल्टर लागले, प्रीसेट जागेवर बसला आणि तरीही १६०२ वर दुपारची मुंबई धुगधुगत राहिली, तर तिचा जन्म कुठे होतो हे शोधायला तीन रोध पुरतात. ३९ ओहमचा एक तारेच्या वाटेत, त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीकडे १५० ओहमचे दोन. असा सहा डेसिबलचा अडसर अँटेना आणि प्रवर्धक यांच्यामध्ये घालायचा. खरे स्टेशन निम्मे होते. प्रवर्धकात जन्मलेले बेरजेचे भूत पाव होते, तिसऱ्या घाताचे एक अष्टमांश. आणि भूत असूनही ते निम्मेच झाले, तर ते प्रवर्धकाच्या बाहेर तयार होऊन अँटेनावर आले आहे. असे होते. १९३३ मध्ये नेदरलँड्समध्ये टेलेगन यांना स्वित्झर्लंडच्या स्टेशनावर लक्झेंबर्गचा कार्यक्रम ऐकू आला, तेव्हा मिश्रण वर आयनावरणात झाले होते. आपल्याकडे बहुधा इतके उंच जावे लागत नाही. गंज हा धातूंच्या मधला वाकडा जोड आहे, जुन्या गॅलेना-खड्याच्या रेडिओसारखा. गच्चीवरचा पत्रा, पाण्याच्या टाकीची शिडी, कुंपणाची तार, कुठलाही गंजका सांधा ५५८ आणि १०४४ यांची बेरीज करून ती पुन्हा हवेत सोडतो. अशा वेळी ट्रान्झिस्टर बदलत बसू नये. हातात पाना आणि पॉलिश पेपर घेऊन गच्चीवर जावे, कुणाला तरी खाली रेडिओपाशी बसवावे आणि एकेक सांधा हलवत विचारावे, ‘‘गेली का मुंबई?’’